खाटा किती, हा प्रश्न शेवटी विचारा

एखाद्या विशेषोपचार रुग्णालयाच्या पुनर्विकासाची घोषणा झाली की तीन आकडे हमखास पुढे येतात: मजले किती, खर्च किती आणि खाटा किती. पहिल्या दोन आकड्यांवर थोडीफार तरी वादावादी होते. तिसऱ्यावर कोणी बोलतच नाही. खाटा वाढणार म्हटले की राजकारणी, डॉक्टर, देणगीदार, नातेवाईक असे सगळेच खूश. माझी हरकत नेमकी याच आकड्याला आहे. कर्करोग, अस्थिरोग, नेत्ररोग किंवा हृदयरोग अशा एकाच शाखेला वाहिलेल्या रुग्णालयात नवी आंतररुग्ण (म्हणजे दाखल रुग्णांची) इमारत उभी करायची आणि आज खाटेसाठी किती जण थांबले आहेत यावरून तिचा आकार ठरवायचा, म्हणजे इमारतीचे पुढचे पन्नास वर्षांचे आयुष्य आजच्या गर्दीपाशी गहाण टाकायचे.

रुग्णालयाच्या रचनेवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांच्या १९८४ सालच्या अभ्यासाचा दाखला देतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, २३ जणांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. तेव्हापासून नव्या इमारतीच्या प्रत्येक सादरीकरणात खिडकीबाहेर हिरवळ असते. असावीच. पण त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. झाडे पाहणारे सरासरी आठ दिवस राहिले आणि भिंत पाहणारे पावणेनऊच्या आसपास. अभ्यास छापून आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, जर्मनीत शल्यविशारद एरिक म्यूहे यांनी पोट न फाडता दुर्बिणीच्या मदतीने पित्ताशय काढले. आज या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी, कित्येकदा त्याच संध्याकाळी घरी जातात. खिडकीने पाऊण दिवस वाचवला, शस्त्रक्रियेच्या नव्या तंत्राने जवळजवळ आठवडा. आणि १९८४ मध्ये पित्ताशयाच्या रुग्णांसाठी कोणी नवा वॉर्ड बांधायला घेतला असता, तर तो पुरा होईपर्यंत त्यात निजायला माणसेच उरली नसती.

विशेषोपचार रुग्णालयांवर ही वेळ सर्वसाधारण रुग्णालयांपेक्षा जास्त येते, कारण त्यांचे सगळे बस्तान एका आजारावर किंवा एका अवयवावर बसलेले असते. सर्वसाधारण रुग्णालयात एक वॉर्ड रिकामा पडला तर दुसरा विभाग तिथे सरकतो. एकाच शाखेच्या रुग्णालयात सरकायला दुसरे कोणी नसते. क्षयरोगाच्या सॅनेटोरियमचे काय झाले ते पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपभर डोंगरउतारांवर, पाइनच्या जंगलांत ती उभी राहिली. उन्हासाठी लांबलचक गच्च्या आणि महिनोन्‌महिने झोपून राहणारे रुग्ण हे तिथले नेहमीचे दृश्य. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि पुढच्या काही वर्षांत या संस्थांना रुग्ण मिळेनासे झाले. अल्वार आल्टो यांनी रचलेले फिनलंडमधले पाइमियोचे प्रसिद्ध सॅनेटोरियम पुढे सर्वसाधारण रुग्णालय म्हणून वापरावे लागले. नेदरलँड्समध्ये हिल्व्हर्समजवळ यान डाउकर यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस झोनेस्ट्राल हे सॅनेटोरियम उभारले, तेव्हा मात्र क्षयरोग काही दशकांत आटोक्यात येईल आणि मग या इमारतीचे काम संपेल, असे गृहीत धरूनच बांधकाम हलके ठेवले होते. मला स्वतःला आधुनिक रुग्णालय-वास्तुरचनेतला हा सर्वात प्रामाणिक निर्णय वाटतो. आपला रोग संपेल असे गृहीत धरणारा वास्तुरचनाकार विरळा, आणि तसे मान्य करणारा ग्राहक त्याहून विरळा.

गंमत म्हणजे क्षयरोगाच्या रिकाम्या खाटांनीच दुसऱ्या एका शाखेला जन्म दिला. इंग्लंडमधील लँकेशायरच्या राइटिंग्टन रुग्णालयात क्षयाचे रुग्ण घटत गेले तेव्हा जॉन चार्नली यांनी तिथे खुब्याच्या सांध्यावर काम सुरू केले आणि १९६२ मध्ये आजच्या कृत्रिम खुब्याचा पाया घातला. तेव्हा खुबा बदललेला माणूस कित्येक आठवडे खाटेवर असे. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी दाखवून दिले की भूल, वेदनाशमन, आहार आणि लवकर उठवून चालवणे यांची नीट सांगड घातली तर रुग्णालयातला मुक्काम झपाट्याने कमी होतो. आता खुब्याचे कित्येक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. मोतीबिंदूचेही तसेच. एके काळी डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रुग्णाला दिवसेंदिवस उताणे ठेवत. आज तो दुपारी चहाला घरी असतो.

तर मग आंतररुग्ण इमारत बांधूच नये का? बांधावी. पण कोणासाठी, हे आधी ठरवावे.

जे रुग्ण घरी जाऊ शकतात ते गेल्यावर वॉर्डात कोण उरतो? अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर पांढऱ्या पेशी शून्याला टेकलेला माणूस उरतो. एकदा बदललेला सांधा जंतुसंसर्गाने निकामी झाल्यामुळे पुन्हा उघडावा लागलेली वृद्धा उरते. मणक्यातली गाठ काढलेले मूल उरते. रक्ताच्या काही कर्करोगांवर २०१७ पासून वापरात आलेली कार-टी उपचारपद्धती घ्या. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशी) बाहेर काढून, जनुकीय बदल करून पुन्हा शरीरात सोडतात. काही रुग्णांत त्यानंतर थोड्याच दिवसांत रक्तदाब कोसळतो, शुद्ध हरपू लागते आणि तासाभरात आयसीयू लागू शकते. या रुग्णाची 'खाट' आणि तीस वर्षांपूर्वीच्या कर्करोग वॉर्डातली खाट यांत नावापलीकडे साम्य नाही. हिला भिंतीत जास्त ऑक्सिजन आणि सक्शनचे पॉइंट लागतात, सतत निरीक्षण करणारी यंत्रे लागतात, खोलीतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त राखावा लागतो, आणि सर्वात महाग गोष्ट म्हणजे जवळपास हजर असलेले प्रशिक्षित माणूस लागते. म्हणून नव्या इमारतीत खाटा कमी झाल्या तरी चालतील, पण प्रत्येक खाट जड असायला हवी. पाचशे हलक्या खाटांचा बडेजाव मिरवण्यापेक्षा, गरज पडल्यास जागच्या जागी अतिदक्षतेच्या पातळीवर नेता येतील अशा दोनशे खोल्या मी केव्हाही निवडेन.

इथून प्रश्न जागेकडे वळतो, आणि पुनर्विकासाच्या चर्चेत सर्वात जास्त टाळला जाणारा प्रश्न हाच असतो. अनेक विशेषोपचार रुग्णालये शहराबाहेर, मोकळ्या हवेत, एकटी उभी राहिली. एके काळी तो गुण होता. आज तिथे हृदयविकाराचा झटका आलेल्या कर्करोगाच्या रुग्णाला रुग्णवाहिकेत घालून दुसरीकडे न्यावे लागते. लंडनच्या दक्षिणेला सटन येथील रॉयल मार्सडन या कर्करोग रुग्णालयात मुलांच्या कर्करोगाचे उपचार होतात, पण मुलांची आयसीयू त्या आवारात नाही. ती लागली की मूल दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने मुलांच्या कर्करोगाचे मुख्य केंद्र आणि मुलांची आयसीयू एकाच आवारात असली पाहिजे असा निकष ठरवला आणि मार्च २०२४ मध्ये ही सेवा इव्हेलिना लंडन या बालरुग्णालयात नेण्याचा निर्णय घेतला. पालकांतून आणि डॉक्टरांतून त्याला मोठा विरोध झाला. विरोध समजण्यासारखा होता. वर्षानुवर्षे जमलेली माणसे, ओळखीच्या नर्स, हाताखालचे संशोधन हे सगळे नकाशावर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवता येत नाही. तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो. नव्या भिंती बांधूनही आयसीयू रस्त्यापलीकडेच राहणार असेल, तर त्या भिंतींचा त्या मुलाला काय उपयोग?

लिव्हरपूलजवळच्या क्लॅटरब्रिज कर्करोग केंद्राने हेच ओळखले. विरल (Wirral) नावाच्या द्वीपकल्पावरचे आपले मुख्य आवार सोडून ते २०२० मध्ये शहराच्या मध्यभागी, रॉयल लिव्हरपूल विद्यापीठ रुग्णालयाला लागून नव्या अकरा मजली इमारतीत आले. ११० खोल्या, प्रत्येक खोलीत एकच रुग्ण. पण ज्या शेजाऱ्याच्या भरवशावर हा सगळा खटाटोप होता त्या रॉयल लिव्हरपूलची नवी इमारत तेव्हा अर्धवट पडून होती. तिचे कंत्राट घेतलेली कॅरिलियन ही कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली आणि ती इमारत ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. दोन इमारतींचा एकमेकींवर असलेला भार कागदावर एका ओळीत मावतो, प्रत्यक्षात त्याला वर्षे लागतात. वेल्समधल्या कार्डिफमध्ये व्हेलिंड्रे कर्करोग केंद्र स्वतंत्र जागेवर नव्याने बांधायचे की विद्यापीठ रुग्णालयाशेजारी, यावर तिथल्याच डॉक्टरांमध्ये उघड मतभेद झाले. नफील्ड ट्रस्ट या आरोग्यविषयक अभ्याससंस्थेने २०२० मध्ये सुचवलेला मध्यममार्ग असा: केंद्र स्वतंत्र जागेवर बांधा, पण अचानक गंभीर होण्याचा धोका असलेल्या रुग्णांना तिथे दाखल न करता विद्यापीठ रुग्णालयात ठेवा. व्यवहार म्हणून ठीक. पण मग नव्या इमारतीतल्या आंतररुग्ण खाटा नेमक्या कोणासाठी, हा प्रश्न तिथेही उरतोच.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वात गंभीर आक्षेप. 'खाटा कमी चालतील' हे वाक्य ऐकताच अनुभवी माणसाचे कान टवकारतात, आणि ते बरोबरच आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात खासगी भांडवलातून रुग्णालये बांधण्याची योजना आली तेव्हा मुक्काम कमी होणार, रुग्णालयाबाहेरच्या सेवा वाढणार असे सांगत पहिल्या फळीतल्या नव्या रुग्णालयांत खाटा चांगल्याच कापल्या गेल्या. बाहेरच्या सेवा सांगितल्याप्रमाणे वाढल्या नाहीत आणि व्हरांड्यांत स्ट्रेचर लागले. १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका गणिती अभ्यासाने दाखवले की सरासरी ८५ टक्क्यांपेक्षा जास्त खाटा भरलेल्या राहिल्या की धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांच्या पुढे रुग्णालय वारंवार कोंडीत सापडते. खर्च वाचवायला खाटा कापायच्या आणि त्याला वैद्यकीय प्रगतीचे नाव द्यायचे, हा खेळ जुना आहे.

मी त्या खेळाच्या बाजूने नाही. माझे म्हणणे असे की खाट ही मोजायची वस्तूच चुकीची आहे. अमेरिकेत आरोग्यसेवेचे अभ्यासक मिल्टन रोमर यांनी १९६० च्या सुमारास एक निरीक्षण मांडले होते: विमा पैसे देत असेल तर बांधलेली खाट भरतेच. म्हणजे 'खाटा भरलेल्या आहेत' हा गरजेचा पुरावा होत नाही. उलट रिकामी खाट हाही गरज नसल्याचा पुरावा नाही, कारण कित्येकदा ती नर्स नसल्यामुळे बंद असते. स्टॉकहोमचे नवे कॅरोलिन्स्का रुग्णालय याचे ठळक उदाहरण: अत्यंत खर्चिक, एकल खोल्यांचे, अतिविशेष उपचारांसाठी घडवलेले, आणि उघडल्यावर पुरेशा नर्स नाहीत म्हणून तिथल्या काही खाटा बंद ठेवाव्या लागल्या. साधा हिशेब करून पाहा. आठवड्याचे तास १६८. एक नर्स आठवड्याला ४० तास काम करते. रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता हाती येतात ३३-३४. म्हणजे अतिदक्षतेची एक खाट दिवसरात्र चालवायला, फक्त तिच्यासाठी, पाच नर्स हव्यात. अशा वीस खाटांची घोषणा म्हणजे शंभर नर्सची घोषणा. घोषणेच्या दिवशी दुसरा आकडा कोणी वाचून दाखवत नाही. पुनर्विकासाचा आराखडा मंजूर करणाऱ्यांनी खाटांच्या रकान्याशेजारी रात्रपाळीचा रकाना मागितला पाहिजे. तो भरता येत नसेल तर पहिलाही भरू नये.

एकल खोल्यांचा वाद याच हिशेबाला चिकटलेला आहे. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने स्वतंत्र खोलीचा फायदा निर्विवाद वाटतो. मॉन्ट्रियलच्या एका अतिदक्षता विभागात एकल खोल्या केल्यावर औषधांना न जुमानणाऱ्या आणि तत्सम जंतूंची लागण निम्म्याहून अधिक घटल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पण आयसीयूतले निष्कर्ष साध्या वॉर्डला जसेच्या तसे लागू होत नाहीत. इंग्लंडमध्ये पेंबरी येथील नव्या रुग्णालयात २०११ मध्ये सगळ्याच खोल्या एकल केल्या; संशोधकांनी आधीचा आणि नंतरचा काळ तपासला. बहुतेक रुग्णांना एकांत आवडला, काहींना एकटेपणा खायला उठला. नर्सची पायपीट वाढली, एका नजरेत चार रुग्ण दिसण्याची सोय गेली. संसर्ग मात्र स्पष्टपणे कमी झाला असे सांगता आले नाही.

माझे मत असे की प्रत्यारोपण, रक्ताचे कर्करोग, संसर्ग झालेले सांधे यांना एकल खोली हवीच, तिथे तडजोड नको. पण 'शंभर टक्के एकल' हे ब्रीद करू नये. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांचे पाहा. त्यांचा मुक्काम अजूनही महिन्यांचा असतो आणि तो आणखी फार कमी होईल अशी चिन्हे नाहीत. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला आणि चार वर्षांनी चाकाच्या खुर्चीवरच्या रुग्णांच्या स्पर्धा भरवल्या; पॅरालिम्पिकचे मूळ तिथे आहे. नव्याने जायबंदी झालेला तरुण खुर्चीवरून खाटेवर सरकायला फिजिओथेरपिस्टकडून शिकतो, पण हे जमू शकते यावर त्याचा विश्वास बसतो तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे पाहून. त्या शेजाऱ्याला भिंतीआड ढकलणे हे आधुनिकीकरण नव्हे.

विशेषोपचार रुग्णालयाची इमारत बाहेरून कशी दिसते यावर जितका वेळ जातो, त्याचा दहावा हिस्सा तिच्या आतल्या हवेवर गेला तरी पुरे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथील मुलांचे नवे रुग्णालय जुलै २०१९ मध्ये उघडणार होते. स्थलांतराला काही दिवस उरले असताना सरकारने ते थांबवले: अतिदक्षता विभागात तासाला दहा वेळा हवा बदलणे अपेक्षित होते, रचना चार वेळांची झाली होती. उगम होता कित्येक वर्षांपूर्वीच्या एका तक्त्यातली चूक. ती इतक्या वर्षांत इतक्या हातांखालून गेली आणि कोणालाच दिसली नाही. रुग्णालय पूर्णपणे सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला. छताच्या आत जे वाहते त्याला ना फीत लागते ना फोटो, पण पांढऱ्या पेशी नसलेल्या मुलाला वाचवते ते तेच.

छताच्या वरची पोकळी हाही तसाच, कंटाळवाणा वाटणारा पण भविष्य ठरवणारा विषय. दोन मजल्यांमधले अंतर साडेचार मीटरच्या आसपास ठेवले तर पुढे वॉर्डचे ऑपरेशन थिएटर करता येते, थिएटरचे डे-केअर (रात्री न थांबता उपचार घेण्याचा विभाग) करता येते. ते अंतर साडेतीनवर आणून एक जास्तीचा मजला बसवला की इमारत जन्मभर वॉर्डच राहते. कॅनडातील हॅमिल्टनच्या मॅकमास्टर वैद्यकीय केंद्रात एबरहार्ड झाइडलर यांनी १९७२ मध्ये वापराच्या मजल्यांमध्ये नळ, तारा, हवेचे मार्ग यांच्यासाठी माणूस चालू शकेल असे स्वतंत्र मजले दिले, म्हणजे खाली रुग्ण असताना वर दुरुस्ती चालू शकते. त्याआधी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात वास्तुरचनाकार जॉन वीक्स यांनी इमारतीची टोके मुद्दाम उघडी सोडली होती, वाढ कुठून होईल हे आज कळत नाही म्हणून. खाटांचा आकडा चुकणारच आहे. तो चुकल्यावर भिंत हलवता यावी एवढी तरतूद केली तर कमी-जास्तीचे भांडण निम्मे मिटते. एखादा मजला नुसता सांगाडा म्हणून रिकामा सोडावा, त्याला लगेच खाटांनी भरू नये. टीकाकार म्हणतील जागा वाया गेली. म्हणू द्यावे.

शेवटची अडचण चालू आवारात बांधकाम करण्याची. जुने वॉर्ड भरलेले, शेजारी पाया खणला जातोय, जुन्या भिंती पाडल्या जात आहेत. पाडकामाच्या धुळीबरोबर ॲस्परजिलस बुरशीचे कण उडतात. निरोगी माणसाला त्यांचे काही वाटत नाही, ल्युकेमियाच्या रुग्णाच्या फुप्फुसात ते जीवघेणे ठरतात. म्हणजे ज्यांच्यासाठी इमारत बांधायची त्यांनाच ती बांधताना धोका. पाडकामाआधी असे रुग्ण कुठे हलवायचे, कोणत्या खिडक्या सीलबंद करायच्या, हवेचे नमुने कोण तपासणार, याचा आराखडा कंत्राट देण्याआधी तयार हवा. तो बहुधा नंतर तयार होतो.

आणि जुन्या वॉर्डांचे काय, हेही आधीच लिहून घ्यावे. लंडनमध्ये स्टॅनमोरच्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक रुग्णालयात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले बराकीवजा वॉर्ड नवी आंतररुग्ण इमारत उघडेपर्यंत, म्हणजे २०१८ च्या अखेरीपर्यंत, वापरात होते. नवी इमारत आल्यावर जुनी 'तूर्त असू द्या' म्हणून चालू ठेवण्याचा मोह प्रत्येक व्यवस्थापनाला होतो. खाटांची बेरीज कागदावर छान दिसते. नर्स तेवढ्याच, त्या आता दोन इमारतींत विभागलेल्या, आणि रात्री अडीच वाजता कोणाची तब्येत बिघडली तर डॉक्टर नेमका दुसऱ्या इमारतीत. त्यामुळे नव्या इमारतीच्या मंजुरीपत्रातच जुन्या वॉर्डांतला शेवटचा रुग्ण कोणत्या तारखेला हलणार ते लिहिलेले असावे, आणि ती तारीख पुढे ढकलायची असेल तर जादा रात्रपाळ्यांचे पैसे कोण देणार तेही.